बापूभाऊंच्या गिटारची दांडी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी शूर वाटलो, तर ती छपाईची चूक समजावी.

हिंगणघाटला माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान. आता गल्ल्यावर पुतण्या बसतो आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना गोष्टी सांगतो. त्यामुळे धंदा बुडतो, असं पुतण्याचं म्हणणं आहे. पेट्या, तबले, बँजो, गावात कुणाकडे असलीच तर सतार, असं सगळं माझ्याकडे यायचं. पावसाळ्यात मात्र वाद्यं बाजूला सारून मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करायचो. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलांवर माझं घर दोन महिने चालायचं.

वाद्यं दुरुस्त करणारा माणूस दिवसभर सुरांत न्हाऊन निघतो, असा लोकांचा समज असतो. मी लाकूड चिकटवायच्या सरसात न्हायचो. एका भजनी मंडळाच्या पेटीत उंदरीण व्यायली, तर मंडळाचे म्हातारे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "पिल्लाइले डोये उघडू दे मिस्तरी, मंग खोलजो पेटी." तोवर त्यांनी नुसत्या टाळांवर भजनं म्हटली. बोरगाव मेघ्याचे एक गृहस्थ वडिलांची सारंगी घेऊन आले होते. म्हणाले, "चकाचक करा, पण वाजली नाई पाह्यजे. वाजली का बाप आठोते." तीही मी करून दिली. न वाजणारी सारंगी करणं फार सोपं असतं.

या धंद्यात भीती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे ताण. तारेचं वाद्य ही लाकडाची आणि लोखंडाची रस्सीखेच असते. दोघंही सारख्या जोरानं ओढतात तोवर सूर निघतो. एकानं हार मानली की मोडतोड. सतारीची तार चढवताना ती तुटून माझ्या भुवईवर बसली होती. तेव्हापासून खुंटी पिळताना मी मान वळवून घेतो, नवी नवरी घेते तशी.

तर अशा माणसाच्या दुकानात, गावोगावी ऑर्केस्ट्रा निघाले होते त्या ऐंशी सालानंतरच्या दिवसांत, बापूभाऊ आले.

बापूभाऊ म्हणजे एका जिनाच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावरचे चौकीदार. देह फाटकाएवढा, मिशा फाटकाच्या कड्यांसारख्या. पूर्वी ते आत मशीनवर होते आणि फावल्या वेळी बासरी वाजवायचे. मग एका हंगामात जिनाच्या रोलरनं त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. बासरी गेली. माणूस बोलायचाच थांबला. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातात बेस गिटार दिली. साधी, स्वस्तातली, चार जाड तारांची. तिला बोटं कमी लागतात. बापूभाऊ ती शिकले, देवीदास मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात उभे राहू लागले आणि हळूहळू बोलूही लागले.

पण तो हात त्यांनी कुणाला दाखवला नाही. डाव्या हातात कायम काळा मोजा. त्याच्या रिकाम्या दोन बोटांत कांतावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कापूस भरून शिवलं होतं. मोजा घालूनच ते वाजवायचे आणि ती दोन कापसाची बोटं हवेत ताठ उभी असायची. मोज्याबद्दल एका हलवाई गड्यानं एकदा थट्टा केली, तर बापूभाऊंनी त्याला जिलबीच्या कढईपर्यंत उचलून नेलं होतं. आत टाकलं नाही, फक्त दाखवली.

त्या दिवशी त्यांनी माझ्या बाकावर एक गाठोडं ठेवलं. आत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटारची दांडी आणि पोत्यात तिच्या धडाचे पापुद्रे. तळेगाव श्यामजी पंतहून लग्नाचा कार्यक्रम करून येताना गाडीवरची ताडपत्री उडाली आणि गिटार पावसात भिजली. धड प्लायवूडचं. पाणी प्यालं, फुगलं आणि पुरीसारखं सुटलं.

"दांडी चांगली हाय," बापूभाऊ म्हणाले. "खाली नवीन धड लावून दे."

"भाऊ, ह्या दांडीत काही दम नाई. नागपुरातून नवीनच आणा ना गिटार."

"नवीन नाई चालत."

मी दांडी हातात घेतली आणि मला समजलं. मागची बाजू काचेनं खरवडून खरवडून पातळ केली होती. दोन बोटं आणि अंगठा यांच्या पकडीत बसावी म्हणून त्यांनी घरी बसून ती स्वतः तासली होती. अशा दांडीत ताण झेलायला पोटातून लोखंडी सळई असते. हिच्यातही होती, पण तिच्यावरचं लाकूड आता साबुदाण्याच्या पापडाइतकं राहिलं होतं.

"मंग मी नवीन दांडीच करून देतो. तुमच्या हाताचं माप देऊन ठेवा, सावकाश करतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. बापूभाऊंनी डावा हात पाठीमागे नेला.

"हातगीत कोनी मोजनार नाई," ते म्हणाले. "दांडी हेच. जमते का सांग."

माझी नजर त्यांच्या मिशांवर होती आणि मनात कढई होती. मी म्हणालो, "जमते."

ते गेल्यावर थोड्या वेळानं कांतावहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या, सहज आल्यासारख्या. बसल्या नाहीत.

"भाऊजी, तान्ह्या पोळ्याले कार्यक्रम हाय मास्तरांचा. मास्तर म्हने, नागपूरचा एक पोट्टा हाय, तो उजव्या हातानं गानं वाजवते अन् डाव्या हातानं त्याच पेटीवर बेस. म्हने, यावेळी बापूरावची गिटार उभी राह्यली नाई तर मी त्यालेच ठेवतो." मग आवाज खाली आणला. "घरात पुना ते मुकेपन नको जी. मले झेपनार नाई. भिंतीशी बोलल्यासारखं होते."

त्या गेल्या. मी दांडी पुन्हा हातात घेतली. आता ती पहिल्यापेक्षा पातळ वाटू लागली.

धडासाठी माझ्याकडे एका मोठ्या नंदीचं पोट होतं. चांगलं वाळलेलं सागवान, चिरून फळ्या पाडायच्या एवढंच बाकी. गिऱ्हाईक फिरलं नव्हतं, त्याचा नंदी मी शेवटी आंब्याच्या लाकडाचा केला आणि त्याला तो फरक आजतागायत कळलेला नाही. दोन फळ्या जोडून धडाचा आकार कापला. दांडीचा चौकोनी बुंधा बसेल अशी खोबण कोरली. सतारीची दांडी आम्ही सरसानं चिकटवतो, पण पावसाळी हवेत सरस ढिला पडतो, म्हणून हिला मागून चार स्क्रू.

बाहेरच्यांना वाटतं, कापलं, चिकटवलं, वाजलं. खरी मेख घोडीत असते. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती खालची पट्टी. वरच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत, म्हणजे दांडीवर ठोकलेल्या बाराव्या आडव्या पट्टीपर्यंत, जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत हवं. दोराभर चुकलं की प्रत्येक सूर बेसुरा. मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा देवाचं नाव घेतलं. देव बदलून घेतले, म्हणजे कुणावर भार नको.

माप जुळलं. पण तारा चढवल्या तर त्या पडद्यांपासून उंच राहिल्या. धडधाकट माणसानं दाबल्या असत्या. दोन बोटांनी ते व्हायचं नव्हतं. उपाय सोपा होता. बुंध्याच्या आतल्या कडेखाली पातळ पच्चर सारायची, की दांडी जराशी मागे कलते आणि तारा खाली येतात.

मी लाकडाची पच्चर शोधत होतो. बापूभाऊ समोर बसून पाहत होते. त्यांनी खिशातून एक चामड्याचा तुकडा काढला.

"हे लाव."

"काय हाय?"

"जिनातलं. रोलरवरची चकती. याच्यासारखं चामडं कुठी भेटत नाई. रुई खाऊन खाऊन गुयगुयीत होते, पन झिजत नाई."

ज्या रोलरनं बोटं खाल्ली, त्याच रोलरचं चामडं! पण हिंगणघाटात जिनाचं चामडं म्हणजे जगातल्या सगळ्या दुखण्यांवरचा इलाज. दाराच्या बिजागरीखाली तेच, सायकलच्या पंपात तेच, विहिरीच्या रहाटात तेच. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. कापून, दुमडून बसवलं. तारा झकास खाली आल्या. बापूभाऊंनी मोज्याच्या हातानं दोन सूर छेडले. नंदीच्या पोटातून असा काही हुंकार निघाला की फळीवरची सरसाची बरणी थरथरली.

"बाप्पा!" ते म्हणाले. त्या महिन्यातला त्यांचा सगळ्यात लांब अभिप्राय तोच.

तान्ह्या पोळ्याला वेणा नदीकाठच्या मैदानात दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पोरांचे नंदी, आयांची गर्दी, आइसकांडीवाले, आणि हवेत असा ओलावा की कागद हातात घेतला तर लोळायचा. मी स्टेजच्या मागच्या बाजूला, पडद्याआड, खिशात स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन बसलो. कुणी बोलावलं नव्हतं. लग्नघरात वधूपिता बसतो तसा बसलो होतो.

पहिली दोन गाणी सुरेख गेली. बापूभाऊ नेहमीसारखे तिरके उभे, डावा हात अंधारात. तिसऱ्या गाण्यात मला काहीतरी खुपलं. बेसचा सूर किंचित बसला होता. त्यांनी खुंटी पिळून वर घेतला. चौथ्या गाण्यात परत बसला. मी पडद्याच्या फटीतून डोळे ताणले. तारा वर आल्या होत्या.

चामडं! जिनात ते कोरड्या रुईवर चालतं, आणि इथे भादव्याची हवा पिऊन मऊ झालं होतं. तारांच्या ओढीखाली ते चपटं होत होतं आणि दांडी पुढे झुकत होती. जितकी झुकेल, तितक्या तारा उंच. जितक्या उंच, तितकं दाबायला जड. बापूभाऊंच्या कपाळावरून घाम मिशांत उतरत होता. मोजा तारेवरून निसटत होता. एक सूर सुटला. दुसरा सुटला. पेटीवरून देवीदास मास्तरांनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या बाजूलाच नागपूरचा तो पोट्टा, 'नुसता पाह्यला आलो' म्हणत, आपल्या वाद्याला कापडाखाली झाकून उभा होता.

सगळ्यात पुढच्या सतरंजीवर कांतावहिनी बसल्या होत्या. त्यांचं स्टेजकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्याच्या फटीकडे पाहत होत्या, म्हणजे माझ्याकडे.

पाचव्या गाण्यानंतर मिमिक्रीवाला आला. रेल्वे, कुत्रा, पुढारी, भांडकुदळ सासू, असा त्याचा लांबलचक पाढा असायचा. बापूभाऊ पडद्याआड आले.

"काय झालं बे हिले?"

"चामडं बसलं, भाऊ. काढाव लागते. लाकडाची पच्चर पाह्यजे."

"मंग टाक ना."

दुकान अर्ध्या मैलावर. मी इकडेतिकडे पाहिलं. गुडघे टेकून स्टेजखाली हात घातला आणि कुणीतरी चोखून फेकलेली आइसकांडीची काडी उचलली. चपटी, टणक आणि अगदी हव्या तेवढ्या जाडीची. धोतराला पुसली.

"बह्याड झाला का तू?" बापूभाऊ म्हणाले. "कोनाची उष्टी हाय ते?"

"पोराचीच असन भाऊ, देवाचाच अवतार."

तारा ढिल्या केल्या, चार स्क्रू सोडले, चामडं काढलं, काडीचे दोन तुकडे बसवले, स्क्रू आवळले. स्टेजवर कुत्रा संपून पुढारी सुरू झाला होता. माझा पेचकस स्क्रूला सोडून बाकी सगळीकडे लागत होता. मग एकेक तार चढवायला घेतली. मान वळवून. जाडी तार, दुसरी, तिसरी. चौथी चढवताना आवाज आला.

टक्.

फार मोठा आवाज नव्हता. शेंग फोडल्यासारखा. पण आम्हा दोघांनाही तो समजला. बापूभाऊंनी दांडी उजेडात वळवली. बुंधा संपून त्यांचं तासलेलं लाकूड जिथे सुरू होत होतं, तिथे केसासारखी बारीक चीर. मी अंगठा लावला, तर अंगठ्याखाली ती श्वास घेतल्यासारखी उघडत-मिटत होती.

पुढारी संपला. सासू सुरू झाली.

"गेली," मी म्हणालो. "भाऊ, ताण घेतला तर दोन तुकडे होईन. तोंडावर येईन तुमच्या."

मी बापूभाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कढईचं भय विसरलो. त्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या ते मुकेपण असं येत असेल, माझ्या डोळ्यांसमोर, एका सासूच्या नकलेच्या आत. मला आयुष्यात तेवढी भीती पुन्हा वाटली नाही. आणि त्या भीतीनं मी बडबडायला लागलो. भित्रा माणूस तेच करतो.

"ताण कमी करू. तारा दोन पडदे उतरवू. लाकडाले आराम. अन् तुमी सगळं दोन पडदे वर, धडाच्या बाजूनं वाजवा. सूर तोच निंगन."

"सगळं?"

"सगळंच."

"चार वर्स झाले, माह्या हाताले एकच जागा मालूम हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "अन् हा मोजा. काही समजतच नाई मले आतून. कुठी पडदा हाय, कुठी नाई."

बाहेर टाळ्या पडल्या. मास्तर माईकवर पुढच्या गाण्याचं नाव सांगू लागले. मी तारा उतरवल्या. शेजारच्या कनातीची सुतळी तोडली आणि चिरेवर आवळून गुंडाळली, बॅटच्या मुठीला गुंडाळतात तशी. बापूभाऊंनी गिटार गळ्यात घातली. दोन पावलं गेले, थांबले. मग डाव्या हाताचा मोजा दातात धरला, ओढून काढला आणि माझ्या हातात दिला.

"धर."

ते गेले. माझ्या तळहातावर तो ऊबदार, ओला मोजा. त्यातली कापसाची दोन बोटं ताठ.

पहिले चार सूर चुकले. मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना चीर दिसत होती, म्हणून परत उघडले. पाचवा सूर लागला. मग सहावा. मग ते थोडे पुढे सरकले, कारण पडदे दिसायला उजेड हवा होता. आणि तिथे, पिवळ्या दिव्याखाली, हजारभर माणसांपुढे तो हात दांडीवर चालू लागला. धडाकडचे पडदे एकमेकांच्या जवळ असतात. दोन बोटांना फाकावं लागत नव्हतं. गेली चार वर्षं ते उगाच खुंट्यांकडच्या लांब पडद्यांवर बोटं ताणत आले होते, कारण शिकवणाऱ्यानं तिथून सुरू केलं होतं, आणि दांडी तासली ती त्यासाठीच. हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. त्यांच्या तर बोटांतच उतरलं असावं, कारण मिशा हलल्या.

हाताकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पोरं नंदीला कांडी चाटवत होती, बाया गाण्यावर माना हलवत होत्या, जिलबीच्या कढईवाला तो हलवाई गडी शेवटच्या रांगेत शिट्ट्या मारत होता. फक्त कांतावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. आणि मी पडद्याआड उरलेल्या सुतळीचं टोक मुठीत धरून बसलो होतो, जणू चीर मीच मिटवून ठेवली आहे. प्रत्येक ठेक्याला मला टक् ऐकू येत होतं. दरवेळी तो ढोलकीवाला असायचा.

कार्यक्रम संपला. नागपूरच्या पोट्ट्यानं आपलं कापड उघडलंच नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "बापूराव, आज दनका मस्त होता, पन मधात झोपले होते का?"

दुसऱ्या दिवशी बापूभाऊ दुकानात आले. दांडी घरी तारा उतरवताना मोडली होती, अगदी सहज, बिनआवाजी. दोन तुकडे त्यांनी बाकावर ठेवले. मी काही बोलण्याच्या आत त्यांनी रंधा, पटाशी, भुसा सगळं कोपरानं बाजूला सारलं आणि मोकळ्या झालेल्या जागी डावा हात उताणा ठेवला. मोजा नव्हता.

"घे माप."

तीन बोटं. गेलेल्या दोन बोटांच्या जागी गुळगुळीत, गुलाबीसर कातडी. मी टेप काढला आणि परत ठेवला.

"भाऊ, खरं सांगू? गिटारची दांडी म्या जन्मात केली नाई. पडदे कसे ठोकतात, आत सळई कशी घालतात, काई मालूम नाई. मले भेव वाटते."

"मालूम हाय मले," बापूभाऊ म्हणाले. "काल पडद्यामागून तुह्ये दात वाजून राह्यले होते, थेट माईकमंदी येत होते." मग हात जरा माझ्याकडे सरकवला. "मोज. यावेळी जाडजूड करजो. अन् घाई नको करू, मी बसतो इथीच."